तब्येत जास्त आहे

“मुखरू गेला,” काउंटरवर दोन्ही हात टेकून डोमाने सांगितले आणि त्याच श्वासात विचारले, “पानी आहे का प्याले?”

मी बाटली पुढे केली. त्याने ती ओठांना न लावता वरूनच रिकामी केली, दुपट्ट्याने मिशा पुसल्या, आणि आपण काय बोलून गेलो हे तेव्हा त्याच्या लक्षात आले असावे, कारण तो एकाएकी बाकावर बसला. मागच्या तीन संगणकांवर कॉलेजची मुले होती. त्यांपैकी कोणी मान वळवली नाही.

“कधी?” मी विचारले.

“तीन वाजता. बोडीवरून जाळं काढून आला. म्हने, छातीत कसंतरी होऊन राह्यलं. बहिनीनं च्या मांडला, तं च्या उकळाच्या आधी खतम.” डोमा हा मुखरूचा मेहुणा. चिंचटोल्याहून ब्रह्मपुरीपर्यंतचे सात मैल तो सायकल हाणत आला होता. “पोरीचा नंबर तुह्याजवळच आहे म्हनते गोकुळाबहीन. तूच लाव फोन, हेमराज. मले नाई जमत. माह्या तोंडातून सरकन निघून जाते. आता पाह्य ना, तुले कसं सांगलो.”

“माती केव्हा?”

“उद्या दहाले. पोरगी पुन्याहून येईपर्यंत दिवस बुडते. तेवढं नाई थांबता येत.” तो उठला, दारापर्यंत गेला आणि पायरीवर थबकला. “इतक्या लोकायच्या मौती सांगत फिरला बुढा. आन त्याची सांगाले कोन, तं मी.”

दुकान धनराजभाऊंचे होते आणि बसणारा मी. बसस्थानकासमोर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून, चार संगणक आणि कोपऱ्यात काचेची एक फोनची खोली. त्या खोलीत मी दार लावून उभा राहिलो. मुखरूच्या मुलीचा, आचलचा, नंबर मला पाठ होता. दीड वर्षापूर्वी तिने तो ऑर्कुटवर माझ्या स्क्रॅपबुकात, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या संदेशांच्या पानावर, लिहिला होता, “बाबाचं काही झालं तर” एवढ्याच शब्दांसह. मी तो वहीत उतरवून घेतला आणि कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून स्क्रॅप लगेच पुसून टाकला. त्यानंतर तो कधी लावला मात्र नव्हता. दोन वर्षे आम्ही जवळजवळ रोज बोलत आलो होतो, पण ते बोलणे बोटांचे होते. ऑर्कुटवर माझे दोनशे बारा मित्र होते. त्यांतल्या दोघांशीही मी समोरासमोर बसून चहा प्यालो नसेन. समोर माणूस आला की माझी जीभ जड होते. अक्षरे पडद्यावर उमटू लागली की ती मोकळी होते. हा दोष आहे की देणगी, हे मला त्या दिवसापर्यंत ठरवावे लागले नव्हते.

“हॅलो.” मागे कुठेतरी खाटेची चाके फरशीवरून जात होती.

“मी हेमराज. ब्रह्मपुरीहून.”

“हेमराज?” तिने विचारले. “तुले बोलता बी येते का?”

तिच्या आवाजात हसू होते. त्या हसण्यानंतर तिला जे ऐकावे लागणार होते ते माझ्या जिभेवर होते, आणि मला मुखरूची आठवण झाली. अशा वेळी काय म्हणावे, हे त्यानेच मला शिकवले होते.

“बाबांची तब्येत जास्त आहे,” मी म्हणालो. “निघून ये.”

चाकांचा आवाज दूर गेला.

“जास्त आहे?”

“हो.”

“बरं,” ती म्हणाली. “रातच्या गाडीनं निघतो.”

“जेवून निघ.”

“हो. जेवूनच निघतो,” असे म्हणून तिने फोन ठेवला.

*

मुखरू ढिवर होता. तलावात जाळे टाकणे हा त्याचा धंदा. पण दहा-बारा गावांत त्याला लोक ओळखत ते निरोप्या म्हणून. कोणाच्या घरी मृत्यू झाला की पहिली हाक मुखरूला जाई. काळी सायकल, हँडलला पाण्याची तुंबडी, मागे फडक्यात बांधलेली भाकर. तो नागभीडला जाई, वैनगंगा ओलांडून पलीकडच्या गावांना जाई, आणि लेक किंवा भाऊ फार लांब असेल तर सायकल बसच्या टपावर चढवून थेट भामरागडच्या जंगलापर्यंत जाई. कोणाची मावशी कुठे दिली, कोणाचा धाकटा भाऊ कोणत्या रानात कामाला आहे, हे सगळे त्याच्या डोक्यात होते. अक्षर मात्र एकही येत नव्हते.

निरोप सांगण्याचे त्याचे काही नियम होते. वाटेत माणूस भेटला तरी वाटेत सांगायचे नाही. घरापर्यंत त्याच्यासोबत चालायचे. तो जेवला आहे की नाही ते आधी पाहायचे. ‘मेला’ हा शब्द काढायचाच नाही. ‘तब्येत जास्त आहे, चाला’ एवढेच म्हणायचे, म्हणजे माणूस आपल्या पायांनी गावापर्यंत येतो. आणि आपला निरोप पुरा सांगून होईपर्यंत त्या घरचे पाणी घ्यायचे नाही.

“पाणी का नाही?” मी एकदा विचारले होते.

“पानी घेतलं की बसा लागते. बसलं की गोष्टी निघतेत, हासनं निघते. ज्याले रडवाले आलो, त्याच्यासंगं हासू काऊन?”

मुखरू पहिल्यांदा दुकानात आला तो आचलला घेऊन. ते २००६ साल होते. गडचिरोलीला तिचा नर्सिंगचा कोर्स झाला होता आणि पुण्यातल्या एका खासगी दवाखान्यात नोकरी लागली होती. जाण्यापूर्वी मैत्रिणींसारखे आपलेही ऑर्कुटवर खाते असावे, अशी तिची इच्छा. कीबोर्डवर तिची बोटे अडखळत होती, म्हणून मीच टाईप केले. पासवर्ड विचारला तेव्हा ती किंचित वाकली आणि हळूच म्हणाली, “बाबाचंच नाव ठेव.” मग, थोड्या दरडावणीने, “तुले माहीत आहे म्हनून उघडून पाह्यशील नको.”

“नाही पाहणार,” मी म्हणालो. एवढे बोलायलाही मला दोनदा घसा साफ करावा लागला.

ती गेली. आणि त्यानंतर दर शुक्रवारी, बाजारात मासोळी विकून झाली की, मुखरू दुकानात येऊ लागला. त्याच्यासोबत तलावाचा वास येई. कॉलेजची मुले नाकाला रुमाल लावत. तो पायरीवर चपला काढी, हात धुऊन येई आणि माझ्या खुर्चीमागे उभा राही. बस म्हटले तरी बसत नसे.

मी आचलचे स्क्रॅप त्याला वाचून दाखवी. ‘बाबाले सांग, मेसमध्ये मासोळी भेटत नाई.’ ‘बाबाले सांग, मायच्या गुडघ्यासाठी गोळ्या पाठवल्या.’ ‘बाबाले सांग, आज एका आजीनं माह्या हातावर जीव सोडला, मी तिच्या पोराले बाबासारखंच सांगलो.’ हे शेवटचे वाचून मी मागे पाहिले, तर मुखरू खिडकीबाहेर उभ्या असलेल्या बसकडे पाहत होता. त्या वर्षी तिने पांढऱ्या गणवेशातला फोटो लावला तेव्हा त्याने आपले खरबरीत बोट काचेवर, तिच्या गालाच्या जागी, टेकवले. ते बोट उठल्यावर मागे एक ओला ठसा राहिला. संध्याकाळी दुकान पुसताना तो पडदा तेवढा मी पुसला नाही.

“हे सगरे कोन?” एकदा त्याने विचारले.

“तिचे मित्र. त्यांनी लिहिलेले स्क्रॅप.”

“म्हंजे तिचे निरोप हेही वाचतेत?”

“हो. सगळे सगळ्यांचे वाचतात.”

त्याने पडद्याकडे पुन्हा वाकून पाहिले. “मंग तो निरोप कायचा? ते तं पारावरचं बोलनं झालं.” थोड्या वेळाने त्याने स्वतःच मान डोलावली. “पन बरं आहे. पोरगी पुन्यात बसून रोज दिसते. माहे पाय वाचले.”

त्याचे पाय तोपर्यंत वाचलेच होते. गावोगाव मोबाइल आले होते आणि शेवटच्या वर्षात एकाही घराने त्याला मृत्यूचा निरोप घेऊन पाठवले नव्हते. त्याबद्दल तो कधी तक्रारीने बोलला नाही. फक्त एकदा, धानाची कापणी सुरू असताना, म्हणाला होता, “फोनवर मानसाचे डोळे कुठी दिसतेत? डोळे पाह्यल्याबिगर कसं समजन, की किती सांगाव?”

*

बुधवारी सकाळी मी चिंचटोल्याला जायला निघालो होतो. दहाची माती, आठला जीप मिळाली की पुरे. जाता जाता दुकान उघडून पाहावे, आचलने गाडीत बसण्यापूर्वी काही लिहिले आहे का, एवढ्यासाठी मी संगणक सुरू केला.

तिच्या स्क्रॅपबुकात एक्केचाळीस नवे स्क्रॅप होते.

चिंचटोल्याचाच राजदीप नागपूरला इंजिनिअरिंग शिकत होता. घरून त्याला फोन गेला असणार. आम्हा झाडीपट्टीच्या मुलांचा ऑर्कुटवर जो समूह होता, ज्यात आचल नव्हती, त्यात त्याने रात्री बातमी टाकली होती आणि खाली आचलच्या पानाचा पत्ता दिला होता. त्याचा स्वतःचा स्क्रॅप सर्वांत आधीचा होता: ‘मुखरूकाका गेले. भावपूर्ण श्रद्धांजली.’ त्यावर रात्रभर, एकावर एक, नावे चढत गेली होती. काही देवनागरीत, बरीचशी इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, काहींनी चिन्हे जोडून गुलाबाची फुले काढलेली.

मला पहिल्यांदा जाणवले ते भय. आचल दुपारी एकला नागपूरला उतरणार होती. ब्रह्मपुरीची बस दोनला. मधला तासभर ती बसस्थानकासमोरच्या नेट कॅफेत बसते, हे तिने मागच्या दिवाळीत मला लिहिले होते. गर्दीत उभे राहण्यापेक्षा ते बरे वाटते म्हणून. म्हणजे बापाच्या मृत्यूची बातमी तिला परक्या गावात, परक्या खुर्चीत, चमकत्या गुलाबांच्या खाली वाचायला मिळणार होती. ज्या माणसाने ‘मेला’ हा शब्द चाळीस वर्षे तोंडातून काढला नाही, त्याच्या लेकीच्या वाट्याला तो शब्द एक्केचाळीस वेळा येणार होता.

स्क्रॅप पुसता येतो तो लिहिणाऱ्याला, नाहीतर ज्याचे पान आहे त्याला. मी लॉग-इनच्या चौकटीत तिचा पत्ता लिहिला आणि खाली मुखरूचे नाव टाईप केले. दार उघडले. तिला दिलेला शब्द मोडतो आहे, हे मला ठाऊक होते. तरी मी योग्य तेच करतो आहे, असा मला विश्वास होता.

वीज अकराला जायची होती आणि आमचा इन्व्हर्टर नादुरुस्त होता. इंटरनेट इतके संथ होते की एक स्क्रॅप पुसून पान पुन्हा उमटेपर्यंत दोन-तीन मिनिटे जात. त्या वेळात पुढचा स्क्रॅप डोळ्यांसमोर असे, आणि तो वाचण्यावाचून गत्यंतर नसे.

हेमलकशाच्या शाळेत शिकवणाऱ्या कोणी लिहिले होते: ‘माझी आजी वारली तेव्हा काका आमच्याकडे आले होते. मी सहावीत होतो. बाबांना म्हणाले, आधी जेवून घ्या. स्वतः अंगणात उन्हात उभे राहिले.’ पूस.

नागभीडची एक मुलगी: ‘माझे वडील रेल्वेत गँगमन. काका लाइनीवरून तीन किलोमीटर त्यांच्यासोबत चालत घरी आले आणि तोपर्यंत फक्त धानाच्या गोष्टी केल्या.’ पूस.

एकाने लिहिले होते, ‘Amchya ghari kuni aalyavar ubhach rahila ki aai mhante, kaay re, Mukhru sarkha ubha kaun, bas na.’ पूस.

एका अनोळखी माणसाचा प्रश्न: ‘कोण होते हे?’ त्यावर राजदीपने उत्तर दिले होते, ‘तुझ्या गावाला विचार.’ दोन्ही पुसले.

बाहेर जीपवाला चिंचटोल्याच्या नावाने ओरडत होता. मी घड्याळात पाहिले. नऊ वाजून गेले होते आणि अजून सव्वीस उरले होते. एक जीप गेली. दुसरी गेली. दहा वाजता मी उठून दारात उभा राहिलो. वैनगंगेच्या बाजूचे आकाश स्वच्छ, निळे होते. तिकडे आता मुखरूला उचलत असतील. मी परत येऊन बसलो.

वीज जायला पाच मिनिटे राहिली असताना शेवटचा स्क्रॅप गेला. पानावर आता एकच जुना स्क्रॅप राहिला होता. तिच्या कोण्या सहकारी परिचारिकेने गेल्या आठवड्यात पाठवलेले, चमचम करणारे एक अस्वल. हातात फलक, ‘दिवस छान जावो’. ते पुसण्याचे मला सुचले नाही. वीज गेली.

*

सव्वापाचला बस आली. आचल मागच्या दाराने उतरली. खांद्याला एक पिशवी, केस घट्ट बांधलेले, चेहरा प्रवासाने उतरलेला. मागच्या दिवाळीत ती आली तेव्हा दुकान बंद होते; दोन वर्षांनी मी तिला प्रत्यक्ष पाहत होतो. फोटोत तिच्या हनुवटीवरचा व्रण दिसत नसे.

मी दिवसभर वाक्य जुळवून ठेवले होते. वाटेत सांगायचे नाही. जीपमध्ये बसवायचे, गावापर्यंत धानाच्या गोष्टी करायच्या. मला धानातले काही कळत नव्हते, तरी तीन-चार गोष्टी मी आठवून ठेवल्या होत्या.

“माती झाली का?” तिने विचारले.

मी तिच्याकडे पाहत राहिलो.

“असा काऊन पाह्यतं? मुखरूची पोरगी हो मी. ‘जास्त आहे’ म्हंजे काय, मले नाई समजत? फोन ठेवला आन वॉर्डात जाऊन बसलो. सिस्टर म्हने, काय झालं. म्हनलो, माहा बाप गेला.” तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. “पन तू चांगलं सांगलं. बाबाच्याच शब्दात. तेवढ्यावर आलो मी गाडीत. रडता नाई आलं, पन बसता आलं.”

“दहाला झाली,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. जीपा रिकाम्या उभ्या होत्या. ती त्यांच्याकडे गेली नाही. बसस्थानकाच्या कठड्यापाशी थांबून म्हणाली, “नागपूरले मी नेट उघडलो होतो.”

मी कठड्यावरची धूळ बोटाने पुसू लागलो.

“मातीले तं नाईच भेटनार, हे माहीत होतं. वाटलं, कोनीतरी लिहिलं असंन. गावचे इतके पोरं आहेत त्याच्यावर. काही नाई तं राजदीप तरी.” ती रस्त्याकडे पाहत बोलत होती. “एक अस्वल होतं फक्त. चाळीस वर्ष फिरला माहा बाप, हेमराज. त्याच्या सायकलीचे टायर घासले, ह्याईच्या घरचे दुःख नेऊन नेऊन. त्याच्यासाठी एकानं दोन शब्द नाई लिहिले. मले बाबा गेल्यापेक्षा त्याचंच जास्त लागून राह्यलं. अर्ध्या रस्त्यानं तेच.”

गप्प राहणे मला शक्य होते. आयुष्यभर मी तेच करत आलो होतो. तिला कधीच कळले नसते. कळले असते तरी फार उशिरा, आणि तोवर मी काही लिहून पाठवले असते. पण ती समोर होती. तिचे डोळे कोरडे, लाल आणि अगदी जवळ होते, आणि त्यांत पाहिल्यावर किती सांगायचे हे मला कळले. सगळेच.

“लिहिले होते,” मी म्हणालो. “एक्केचाळीस स्क्रॅप. मी पुसले.”

“काय?”

“तुला नागपुरात एकटीला कळू नये म्हणून. सकाळी. तुझा पासवर्ड टाकून.”

जीपवाल्याने चिंचटोल्याच्या नावाने पुन्हा हाक दिली.

“तू मातीले होता?”

“नाही. तेच करत होतो.”

“म्हंजे तूही नव्हता, आन मलेही तेवढं ठेवलं नाई.” तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला बरे वाटले असते. “तिकडं गाव जमलं असंन, रडलं असंन. मले काय होतं? मले तेवढंच होतं. ते माहं होतं, हेमराज. तू कोन झाकनारा?”

“मुखरूकाका म्हणायचे—”

“बाबा समोर उभा राह्याचा,” ती म्हणाली. “झाकाचा, आन मंग उघडून दाखवाले घरापर्यंत संगं याचा.”

ती जीपमध्ये बसली. मी सोबत येण्याबद्दल तिने विचारले नाही, आणि मीही पाऊल उचलले नाही.

*

पुसलेले स्क्रॅप परत येत नाहीत. मी शोध घेतला. वहीत दोन पाने भरून उपाय लिहिले आणि सगळे निष्फळ ठरले. समूहात लिहून सर्वांना पुन्हा लिहायला सांगावे, असेही मनात आले. राजदीपने ते आनंदाने केले असते. पण मागून लिहिलेले शब्द त्या रात्रीचे नसते. त्या रात्री ती माणसे कोणाच्या सांगण्यावरून बसली नव्हती. गडचिरोलीत, नागपुरात, पुण्या-मुंबईच्या खोल्यांत बातमी वाचून प्रत्येकाला आपल्या अंगणात उभा असलेला एक माणूस आठवला होता. ज्या जाळ्याला मी परक्यांची जत्रा समजलो, ते मुखरूने सायकलवरून विणलेलेच जाळे होते. मला ते ओळखता आले नाही. मी फक्त त्याचा नियम पाळला.

मी डोळे मिटून बसे तेव्हा मात्र ते पान दिसे. दोन-दोन मिनिटे प्रत्येक स्क्रॅप माझ्यासमोर होता. इंटरनेटच्या त्या संथपणाचे मी पहिल्यांदाच आभार मानले.

शनिवारी सकाळी मी धनराजभाऊंची सायकल मागून घेतली. सात मैल. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले होते आणि मोकळ्या शेतांच्या बांध्यांत बगळे उतरले होते. वाटेत मी नावे मनात लावत होतो, आधी राजदीप, मग हेमलकशाचा शिक्षक, मग नागभीडची मुलगी. कागदावर काहीही लिहून घेतले नव्हते. तसे ठरवूनच.

मुखरूची सायकल कुडाच्या भिंतीला टेकून होती. आचलची आई गोकुळाबाई ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी आत हाक दिली. आचल बाहेर आली. हातात पाण्याचा गडवा होता. कोणीही आले की आधी पाणी, ही तिची सवय असावी, कारण मला पाहिल्यावर तो पुढे करावा की नाही अशा विचारात ती थांबली.

“बस,” गोकुळाबाई म्हणाल्या.

“नाही, बाई. आधी सांगतो.”

मी अंगणात उभा होतो. ऊन मानेवर येत होते. आचल दाराच्या चौकटीत होती आणि तिच्याकडे पाहूनच बोलायचे, एवढे एक मी पक्के केले होते.

“पहिला राजदीपचा होता,” मी म्हणालो. “त्याने लिहिलं, मुखरूकाका गेले.” तो शब्द उच्चारून मी थांबलो. ती हलली नाही. मी पुढे गेलो.

सुरुवातीला माझा आवाज मलाच परका वाटला. मग वाटेनासा झाला. हेमलकशाच्या शिक्षकाचे सांगून झाल्यावर गोकुळाबाई मध्येच म्हणाल्या, “तो अशोक्याचा पोरगा. तवा बुढा दोन दिवसांनी आला घरी, पायाले फोड घेऊन.” नागभीडच्या मुलीचे ऐकून त्या म्हणाल्या, “हौ, त्या गँगमनचा भाऊ होता. सापानं चावला होता.” प्रत्येक नावामागे त्यांच्याकडे एक गाव होते आणि एक ऋतू होता. ‘मुखरूसारखा उभा काऊन’ हे मी सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे, मी ज्या प्रकारे उभा होतो त्याकडे, पाहिले आणि पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते मला सांगता येणार नाही.

“एकाने विचारलं होतं, कोण होते हे.”

“मंग?” आचलने पहिल्यांदा विचारले.

“राजदीप म्हणाला, तुझ्या गावाला विचार.”

तिने ओठ दाबले. गडवा तिने दोन्ही हातांत घेतला होता.

तेहतीस झाले. त्यानंतर माझ्या मनात फक्त फुले होती, चिन्हांची, नावांवाचून. मी बराच वेळ आठवून पाहिले. समोरच्या घरची कोंबडी पिल्ले घेऊन अंगणातून आरपार गेली.

“आठ आठवत नाहीत,” मी म्हणालो. “ते माझ्याकडून गेले.”

मी निरोप पुरा सांगितला होता, जेवढा माझ्यापाशी होता तेवढा. आचल पायरी उतरून अंगणात आली. गडव्यातले पाणी एव्हाना उन्हाने कोमट झाले असावे. तिने ते तुळशीच्या बुंध्याशी ओतले, आत गेली, माठातून भरून आणले आणि माझ्यासमोर धरले.

मी ते उभ्यानेच प्यालो.